फ्लॅश कार्ट घेताना गेम मोजू नका, सेव्ह कुठे राहतो ते विचारा

प्रश्न : माझ्याकडे निन्तेन्दोचा गेम बॉय ॲडव्हान्स (जीबीए) एसपी हा हातात धरून खेळायचा कन्सोल आहे. मामाने २००५ मध्ये दुबईहून आणला होता. गेल्या वर्षी त्याला नवा आयपीएस स्क्रीन बसवून घेतला. सोबत पोकेमॉन रुबी आणि पोकेमॉन सिल्व्हर या दोन ओरिजिनल कॅसेट आहेत. रुबी सुरू करताना आता बॅटरी संपल्याचा मेसेज येतो, त्यामुळे लहानपणीचा सेव्ह (साठवून ठेवलेला खेळ) जाणार अशी धास्ती आहे. सिल्व्हर मात्र व्यवस्थित चालते. विचार असा की एकच फ्लॅश कार्ट (मेमरी कार्डवरचे गेम चालवणारी कॅसेट) घ्यावं आणि दोन्ही गेम त्यावर टाकून कॅसेट जपून ठेवाव्यात. तीन पर्याय दिसले : शेकडो गेम भरलेली स्वस्त कॅसेट, ईझी-फ्लॅश ओमेगा आणि एव्हरड्राईव्ह. भाचीकडे निन्तेन्दोचाच डीएस लाइट आहे, तिच्यासाठी आर४ कार्ड घेतलं तर त्यावर जीबीएचे गेमही चालतील का? आणि मेमरी कार्ड ६४ जीबीचं घेऊ की त्याहून मोठं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची धास्ती चुकीच्या कॅसेटला लागली आहे. रुबीचा सेव्ह सुरक्षित आहे. तो मेसेज पुढे वाचलात तर त्यातच लिहिलंय की गेम खेळता येईल, फक्त घड्याळावर अवलंबून असलेल्या गोष्टी घडणार नाहीत. रुबीचा सेव्ह १२८ किलोबाइटच्या फ्लॅश चिपवर असतो आणि तो टिकायला वीज लागत नाही. आतला सीआर१६१६ बटण सेल फक्त घड्याळ चालवतो. तो संपला की लावलेल्या बेरी वाढत नाहीत, भरती-ओहोटीची गुहा एकाच अवस्थेत अडकून बसते, बाकी सगळं जागच्या जागी.

खरा धोका 'व्यवस्थित चालणाऱ्या' सिल्व्हरला आहे. तिचा सेव्ह ३२ किलोबाइटच्या एसरॅममध्ये असतो. ही मेमरी आतल्या सीआर२०२५ सेलच्या जिवावर जगते, आणि तोच सेल घड्याळही चालवतो. सेल संपत आलाय याची सूचना सिल्व्हर देत नाही. एके दिवशी सुरू कराल तेव्हा मेन्यूत 'कंटिन्यू' दिसणारच नाही. सेल मूळचाच असेल तर तो इतकी वर्षं टिकला हेच पुष्कळ झालं.

म्हणून कार्ट घ्यायच्या आधी दोन्ही कॅसेटमधला डेटा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्यासाठी कार्ट रीडर लागतो. जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हा यूएसबीवर चालणारा छोटा बोर्ड गेम बॉय आणि जीबीए दोन्हींच्या कॅसेट वाचतो. त्याच्या जोडीला फ्लॅशजीबीएक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. इथे एक गोष्ट सांभाळायची. गेम बॉय आणि गेम बॉय कलरच्या कॅसेट ५ व्होल्टवर चालतात, जीबीएच्या ३.३ व्होल्टवर. काही रीडरवर त्यासाठी हाताने सरकवायचं बटण असतं. जीबीएची कॅसेट लावून ते ५ वर राहिलं तर चिपला इजा होऊ शकते. तेव्हा आधी बटण, मग कॅसेट, मग यूएसबी.

कॅसेटचे सोनेरी दात आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबडने पुसा. इअरबड काळा निघायचा थांबेपर्यंत पुसत राहा. खोडरबर किंवा पॉलिश पेपर लावू नका, दातांवरचा सोन्याचा मुलामा निघतो आणि मग गंज लागतो. अल्कोहोल पूर्ण उडू द्या, पाचेक मिनिटं पुरतात. मग पहिल्यांदा सेव्ह वाचून घ्या, गेम नंतर. सेव्ह दोनदा वाचा, दोन वेगळ्या नावांनी ठेवा आणि दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या आहेत का ते ताडून पाहा. वेगळ्या निघाल्या तर दात अजून मळकट आहेत किंवा कॅसेट नीट बसलेली नाही. सिल्व्हरची फाइल ३२ किलोबाइटच्या आसपास आणि रुबीची १२८ किलोबाइटच्या आसपास असायला हवी. रुबीची ६४ आली तर सॉफ्टवेअरमध्ये सेव्हचा प्रकार चुकीचा निवडला गेलाय, आणि अर्धीच फाइल हाती आली आहे.

हे झालं की सिल्व्हरचा सेल बदला. कॅसेटचा स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाही, ३.८ मिलिमीटरचा गेमबिट लागतो. रुबीला तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग लागतो. नवा सेल पट्ट्या जोडलेलाच आणा. साध्या सेलवर थेट सोल्डरची टोच टेकवली तर सेल तापून फुटू शकतो. सेलचा आकार त्याच्या नंबरातच असतो : सीआर२०२५ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, सीआर१६१६ म्हणजे १६ आणि १.६. जुना सेल काढला की सेव्ह पुसला जाणारच. घाबरू नका, रीडरने तीच फाइल परत कॅसेटवर लिहा. सोल्डरिंगचा हात नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याला दहा मिनिटांचं काम आहे, पण प्लस-मायनसच्या खुणेचा आधी फोटो काढून ठेवा.

आता कार्ट. जीबीएचा प्रोसेसर गेम थेट कॅसेटच्या चिपमधून वाचतो, हवा तो बाइट हवा तेव्हा. मेमरी कार्ड तसं वाचता येत नाही, ते ठोकळ्या-ठोकळ्याने डेटा देतं. म्हणून फ्लॅश कार्टला मध्ये स्वतःची वेगवान मेमरी ठेवावी लागते. तुम्ही गेम निवडला की तो आख्खा तिथे उतरतो आणि मग चालतो. जीबीएच्या कॅसेटचा पत्ता जास्तीत जास्त ३२ मेगाबाइटपर्यंतच जातो, म्हणून कार्टमध्ये तेवढी मेमरी असली की काम भागतं. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. महागडं, 'अल्ट्रा' वगैरे लिहिलेलं मेमरी कार्ड घेऊन गेम सुरू व्हायला थोडा कमी वेळ लागेल, खेळताना काडीचा फरक पडणार नाही. आणि कार्टवरची मेमरीच संथ असेल तर गेम अडखळतो. जुन्या सुपरकार्डचं तिथेच घोडं अडायचं. संगीत आणि हालचाल जिथे एकदम वाढते तिथे ते दमायचं.

शेकडो गेमवाली स्वस्त कॅसेट घेऊ नका. ती आपल्याकडच्या जुन्या 'नव्याण्णव लाख इन वन'चीच नात आहे. तेच दहा गेम वेगवेगळ्या नावांनी यादीत आणि सेव्हच्या नावाने बोंब. पुष्कळदा सगळ्या गेमना मिळून सेव्हची एकच छोटी जागा असते. एक गेम सेव्ह केला की दुसऱ्याचा गेला. पोकेमॉन फायररेड किंवा एमराल्डसारखा गेम असल्या कॅसेटवर टाकला तर '१एम सब-सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड' असा विचित्र मेसेज येतो. त्याचा अर्थ इतकाच की गेमला १२८ किलोबाइटची सेव्ह चिप हवी होती आणि त्याला ती दिसली नाही. हा मेसेज चांगल्या कार्टवरही येऊ शकतो, विशेषतः बदल केलेल्या गेममध्ये. कार्टला गेम ओळखता येत नाही आणि ते सेव्हचा प्रकार चुकीचा धरतं. तिथे मात्र सेटिंगमध्ये जाऊन हाताने १२८ के फ्लॅश निवडता येतं.

उरले दोन. ईझी-फ्लॅश ओमेगा २०१८ मधलं, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे ओमेगा डेफिनिटिव्ह एडिशन. एव्हरड्राईव्ह म्हणजे युक्रेनमधल्या क्रिक्झ या नावाने काम करणाऱ्या माणसाची मालिका, त्यातलं तुम्हाला लागू पडेल ते जीबीए मिनी. तिन्हींवर ३२ मेगाबाइटचे गेम आणि घड्याळ, दोन्हींची सोय आहे. फरक सेव्हमध्ये आहे, आणि तुम्ही विचारताय ते सगळं शेवटी तिथेच येऊन थांबतं.

साधं ओमेगा आणि एव्हरड्राईव्ह मिनी दोन्ही सेव्ह आधी सेलवर जगणाऱ्या एसरॅममध्ये ठेवतात. पुढच्या वेळी एसपी सुरू केलात की कार्ट तो उचलून मेमरी कार्डवर फाइल म्हणून लिहितं. म्हणजे शेवटचा खेळ संपवून एसपी बंद करण्यापासून पुन्हा सुरू करेपर्यंतचा काळ सेलच्या भरवशावर असतो. रोज खेळणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. पण सहा महिन्यांनी एकदा कपाटातून काढणाऱ्याचा सेल मधल्या काळात संपला तर शेवटची बैठक गेली. त्यावर सोपा उपाय आहे : खेळ झाला, सेव्ह केलं, बंद केलं, की लगेच पुन्हा सुरू करून कार्टचा मेन्यू येऊ द्या आणि मग बंद करा. तेवढ्यात फाइल लिहिली जाते. ही सवय लागली की नंतर कपाटात सेल मेला तरी फार तर घड्याळ चुकेल.

डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये सेव्हसाठी एफरॅम आहे. ही मेमरी विजेशिवाय डेटा धरून ठेवते, सेल फक्त घड्याळापुरता. शिवाय त्यात ६४ मेगाबाइटची नॉर मेमरी आहे. तिच्यावर एखादा गेम कायमचा लिहून ठेवला की दरवेळी मेमरी कार्डवरून उतरवायची वाट पाहावी लागत नाही. मध्येच थांबून तिथूनच पुढे सुरू करायची सोयही ओमेगा घराण्यात आहे, एव्हरड्राईव्ह मिनीत नाही. ही सोय कार्ट गेममध्ये स्वतःच्या कोडचा तुकडा घालून देतं, त्यामुळे क्वचित एखादा गेम बिघडतो. असा गेम त्या सोयीशिवाय, 'क्लीन' पर्यायातून सुरू करा. आणि लहानपणीचा सेव्ह असलेल्या रुबीला तर हा तुकडा लावूच नका, गेमच्या आतला सेव्ह वापरा.

मग एव्हरड्राईव्हची बाजू काय? बांधणी उत्तम, मेन्यू साधा, कार्ट नेहमीच्या कॅसेटएवढंच, आणि फारसं काही न विचारता गेम जसाच्या तसा चालतो. पण किंमत ओमेगापेक्षा बरीच जास्त. तुम्ही सांगितलेला वापर पाहता, म्हणजे अधूनमधून खेळायचं आणि सेव्ह जपायचा, आमचं मत डेफिनिटिव्ह एडिशनला. एक सांभाळा : साध्या ओमेगाचं आणि डेफिनिटिव्ह एडिशनचं कर्नल, म्हणजे कार्ट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, वेगळं आहे. अपडेट करताना एकाची फाइल दुसऱ्यावर घालू नका, आणि अपडेट चालू असताना एसपी चार्जरला लावलेला असू द्या. दोन्ही कार्ट परदेशातून मागवावी लागली तर कस्टम ड्युटी आणि टपालखर्च धरूनच हिशेब करा. दुकानाच्या पानावरची किंमत पाहून खूश होऊ नका.

'एकच कार्ट आणि दोन्ही गेम' हा तुमचा बेत मात्र जमणार नाही. सिल्व्हर गेम बॉय कलरच्या काळातली. एसपीच्या खाचेत एक छोटा खटका असतो. गेम बॉयची कॅसेट घातली की तिच्या आकाराने तो दाबला जातो आणि एसपी आपला जुना प्रोसेसर आणि ५ व्होल्ट चालू करतो. जीबीएच्या आकाराचं कार्ट तो खटका दाबत नाही, म्हणून ओमेगा असो की एव्हरड्राईव्ह, त्यावर सिल्व्हर खरीखुरी चालत नाही. गुम्बा कलर नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, आहे, तो वापरून चालवता येते, पण आवाज जरा फाटका येतो. ही दुधाची तहान ताकावर भागवायची गोष्ट. नीट चालवायची तर गेम बॉयच्या आकाराचं वेगळं कार्ट लागेल. ईझी-फ्लॅश ज्युनियर किंवा एव्हरड्राईव्ह-जीबी एक्स७ यांत सिल्व्हरला लागणारं घड्याळ आहे. पण सेल बदललेली ओरिजिनल कॅसेट हातात असताना हा खर्च आत्ता करू नका.

रुबीचा सेव्ह नव्या कार्टवर न्यायची पद्धत अशी. आधी कार्टवर रुबी सुरू करा, नवा गेम काढून पहिल्या संधीला एक सेव्ह करा, बंद करून पुन्हा मेन्यू येऊ द्या. आता मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावा. कार्टने स्वतःच्या फोल्डरमध्ये एक सेव्ह फाइल बनवलेली असेल. तुमच्या उतरवलेल्या फाइलला तंतोतंत तेच नाव आणि तेच एक्स्टेन्शन द्या आणि तिच्या जागी ठेवा. नाव कसं असावं, फोल्डर कुठला, ही डोकेफोड कार्टनेच सोडवलेली असते. मग कार्टच्या सेटिंगमध्ये तारीख-वेळ बरोबर लावा आणि ती पुन्हा मागे घेऊ नका. रुबी शेवटची वेळ लक्षात ठेवते, घड्याळ मागे गेलं तर ती वेळ पुन्हा येईपर्यंत बेरी हलत नाहीत. जाता जाता, रुबीच्या सुरुवातीच्या प्रतींत वर्षभराने घड्याळाधारित गोष्टी अडकण्याचा दोष मुळातच होता. तेव्हा सगळा दोष सेलवर ढकलू नका.

मेमरी कार्ड १६ किंवा ३२ जीबी घ्या. ३२ मेगाबाइटचा सर्वांत मोठा गेम धरला तरी १६ जीबीत ५०० मावतात. ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतं. ते सगळ्या कार्टना चालत नाही, आणि फॅट३२ करायला गेलात तर विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर तो पर्यायच सहसा दिसत नाही. फॅट३२, अलोकेशन साइज ३२ किलोबाइट, इतकं केलं की झालं. मात्र कार्ड खरं आहे का ते पाहा. लेबलवर ३२ आणि आत ८ असली कार्डं बाजारात ढिगाने आहेत. ती भरेपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा सेव्हच्या फाइली कचरा झालेल्या असतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३ ही सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड भरून परत वाचतात. ३२ जीबीला तासभर लागतो, तो द्या. गेम आधीच भरलेलं कार्ड विकत घेऊ नका. एक तर ते चोरीचे गेम असतात, वर कार्डही बहुधा हलकं असतं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, तुमच्या रीतसर ताब्यातल्या सॉफ्टवेअरची नुकसानीपासून बचावापुरती प्रत काढायला मोकळीक आहे. दुसऱ्याची प्रत नेटवरून उतरवायला नाही.

तुमच्या एसपीत आयपीएस स्क्रीन आहे म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तो स्क्रीन आणि फ्लॅश कार्ट दोघंही मूळ स्क्रीन आणि कॅसेटपेक्षा जास्त वीज ओढतात. एसपीची मूळ बॅटरी ६०० मिलिॲम्पियर-अवरची, आणि ती २००५ ची असेल तर आता त्यातलं फारसं उरलेलं नाही. मेन्यू दिसतो, गेम उतरायला लागला की स्क्रीन पांढरा होतो किंवा एसपी पुन्हा सुरू होतो, असं झालं की लोक कार्ट खराब म्हणून परत पाठवतात. आधी चार्जर लावून तोच गेम सुरू करून पाहा. चार्जरवर चालला तर पाणी बॅटरीत मुरतंय. नाही चालला तर कार्टचे दात पुसा, मग पॉवरचं बटण पंधरा-वीस वेळा मागे-पुढे करा, त्याच्या आतला काजळीचा थर निघतो. तरीही नाहीच, तर मेमरी कार्ड बदलून पाहा. कार्टला दोष द्यायचा तो त्यानंतर. बॅटरीचं झाकण फुगून वर आलेलं दिसलं तर ती चार्जच करू नका, आजच काढा.

भाचीच्या डीएस लाइटला दोन खाचा आहेत. वरची डीएसची, खालची जीबीएची. आर४ वरच्या खाचेत बसतं आणि डीएसचे गेम चालवतं. जीबीएचे गेम त्यातून मूळ रूपात चालत नाहीत, कारण जीबीएचा प्रोसेसर खालच्याच खाचेतून गेम वाचतो. जीबीएरनर२ नावाच्या सॉफ्टवेअरची खटपट आहे, पण मोठे गेम त्यावर अडखळतात. उलट तुमचं ओमेगा डीएस लाइटच्या खालच्या खाचेत बसेल आणि जीबीएचे गेम छान चालवेल, फक्त सेंटिमीटरभर बाहेर डोकावेल. गेम बॉय आणि गेम बॉय कलरच्या कॅसेट डीएस लाइटमध्ये चालतच नाहीत, तेव्हा सिल्व्हर तिला देऊ नका.

आर४ बद्दल इतकंच : मूळ आर४ २००७ च्या सुमाराचं, त्याला २ जीबीपर्यंतचंच कार्ड चालायचं. आज 'आर४' नावाने, लेबलावर वर्ष छापून जे मिळतं ते नकलेची नक्कल असतं. यातल्या काहींच्या कर्नलमध्ये ठरावीक तारखेनंतर बंद पडायचा कोडच घातलेला असतो. तारीख उलटली की कार्ड म्हणतं नवं घ्या. तेव्हा मोफत, खुलं कर्नल टाकता येतं का, ते त्या विशिष्ट मॉडेलसाठी आधी पाहूनच घ्या. कायदेशीर बाजूही गुळगुळीत नाही. निन्तेन्दोच्या तक्रारीवरून २००९ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने आणि २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने अशा कार्डांच्या विक्रीविरुद्ध निकाल दिले आहेत. भाचीला जीबीएचेच गेम हवे असतील तर आर४चे पैसे वाचवा आणि तुमचं ओमेगा शनिवार-रविवार तिला द्या. फक्त तिचे गेम वेगळ्या मेमरी कार्डवर ठेवा. ओमेगातलं कार्ड बदलण्याआधी एकदा मेन्यूपर्यंत जाऊन तुमचा शेवटचा सेव्ह फाइलीत उतरलाय ना, ते पाहा.

आणि रीडर मागवला असेल तर तो येईपर्यंत सिल्व्हर एसपीतून सारखी काढ-घाल करू नका. सेल शेवटच्या टप्प्यात असताना सेव्ह जायला सैल झालेला एखादा सोल्डरचा डागही पुरतो.